तळटीप : ‘उस्मानाबादचा मल्ल’

‘उस्मानाबादचा मल्ल’ म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार (मामा). पुढे १९७७मध्ये बेळगावात सतपालला अस्मान दाखवणारे. जिल्हा लिहिताना लेखक चुकलेला नाही. १९६९मध्ये लातुरातच त्यांनी महाराष्ट्र केसरीची गदा घेतली, तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ साली. मामांचे रामलिंग मुदगड निलंगा तालुक्यातले. शिरूर अनंतपाळचा तालुका १९९९चा, त्याआधी तेही निलंग्यातच. तेव्हा एखाद्या शिरूरकराने मामांना ‘आमच्या तालुक्याचे’ म्हटले, तर त्या काळापुरते ते खरेच. कागदावरच्या हद्दी सरकतात. जत्रेच्या फडात मात्र पुकारा गावाच्या नावाने होतो, आणि पैलवान चितपट झाला की गाव खाली मान घालून परतते. मूळ पाठ म्हणूनच बदललेला नाही. — संपा.