भिगवणची मोजणी आणि बदलापूरची कंबर

१९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघर फिरले. हातात प्रश्नावली आणि तिच्यावर माणसाची आकृती. कुठं दुखतं, ते त्या आकृतीवर दाखवायचं. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या या ‘कॉपकॉर्ड’ पाहणीत (लोकवस्तीत जाऊन संधिवाताची मोजणी करण्याच्या पद्धतीचं हे नाव) ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. ‘वय झालं’ म्हणून अंगावर काढलेल्या दुखण्याची अखेर नोंद झाली, हे मोठं काम.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी मोजणीच्या पुढची पायरी १९७०च्या दशकाअखेरीसच गाठली होती: संधिवाताच्या रुग्णांचे वर्ग, आणि शिकवणारेही बरेचदा रुग्णच. व्यायाम, थकवा सांभाळून कामाची वाटणी, डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, आणि दर आठवड्याला स्वतः ठरवलेला एक छोटा संकल्प. पुढे हे वर्ग इंटरनेटवरही आले.

असे वर्ग मुंबईजवळच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरलाही हवेत. फाळणीनंतर लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर उभं केलं. आज तिथं जीन्स शिवणारे दिवसभर मशीनवर वाकलेले असतात. अंबरनाथला कारखाने, आणि बदलापूरकरांना मुंबईपर्यंत लोकलची घुसमट. पाठ, मान, गुडघे इथं रोज झिजतात.

एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. पण सल्ला म्हणजे शिक्षण नव्हे. तिन्ही शहरांच्या नगरपालिका-महापालिकांनी आपल्या दवाखान्यांत आठवड्यातून एक तास लॉरिग यांच्यासारखा वर्ग मराठी, हिंदी आणि सिंधीत सुरू करावा.