मूल कोणत्या लिंगाचे? : अमेरिकेतील लॅटिनो बालवाङ्मयाचा एक धागा



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांना वंदन करून मी विषयाकडे वळतो. अमेरिकेतील स्पॅनिशभाषक कुळांतील मुलांसाठी जे वाङ्मय निर्माण झाले, त्यात मुलगा, मुलगी आणि या दोन्ही चौकटींत न मावणारे मूल यांची चित्रे कशी बदलत गेली, हा आजचा विषय. तो दूरचा आहे. पण बेळगावच्या श्रोत्यांना अगदीच परका वाटू नये. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा उत्तर भाग अमेरिकेत गेला. आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हांला ओलांडले, असे तेथील लोक म्हणतात. १९५६ नंतर सीमाभागात वाढलेल्या आपल्या पिढ्यांना या म्हणण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

प्रथम नावाचा विचार करू. स्पॅनिशमध्ये दोनच लिंगे : पुरुष 'लातिनो', स्त्री 'लातिना', आणि मिश्र समूहासाठी पुल्लिंगीच रूप. याला पर्याय म्हणून अलीकडे 'लॅटिनएक्स' हा शब्द पुढे आला. तथापि प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या पाहणीत तो स्वतःसाठी वापरणारे या समाजातील प्रौढ अवघे ३ टक्के आढळले. काहींना स्पॅनिश उच्चाराला साजेसे 'लातिने' हे रूप बरे वाटते. नावावर एकमत नाही; परंतु नावामागचा प्रश्न जुना आहे.

क्यूबाचे कवी व स्वातंत्र्यवीर होसे मार्ती यांनी १८८९ मध्ये न्यूयॉर्कहून मुलांसाठी 'ला एदाद दे ओरो' हे मासिक काढले. त्याचे चारच अंक निघाले; पण हे मासिक मुलांइतकेच मुलींसाठीही आहे, असे त्यांनी आरंभीच बजावले होते. पुढे पोर्तो रिकोहून आलेल्या पुरा बेलप्रे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल झाल्या आणि १९३२ मध्ये त्यांचे 'पेरेस आणि मार्तिना' प्रसिद्ध झाले. रूपवती झुरळीण मार्तिना आणि तिने वरलेला उंदीर पेरेस यांची ही लोककथा. मुलीचे भवितव्य येथे लग्नातच आहे. मात्र वराची पारख तीच करते, हेही नोंदले पाहिजे.

१९८४ मध्ये सांद्रा सिस्नेरोस यांचे 'द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट' आले. शिकागोतील एस्पेरान्सा ही मुलगी खिडकीशी बसून आयुष्य काढणाऱ्या बायका पाहते आणि स्वतःच्या घराचे स्वप्न बाळगते. सीमाप्रदेशाच्या चिंतक ग्लोरिया आन्सालदुआ यांनी १९९३ मध्ये 'पलीकडचे मित्र' या अर्थाच्या शीर्षकाचे द्विभाषिक चित्रपुस्तक लिहिले. त्यात प्रिएतिता ही मुलगी, नदी ओलांडून आलेल्या होआकीनला टवाळ मुलांपासून आणि सीमापोलिसांपासून वाचविते. रक्षणकर्ता मुलगा आणि रक्षिली जाणारी मुलगी हा संकेत येथे सहजपणे उलटला आहे.

२००५ मध्ये रिगोबेर्तो गोन्सालेस यांनी 'आंतोनियोचे कार्ड' या अर्थाचे द्विभाषिक पुस्तक लिहून आणखी एक पाऊल टाकले. आंतोनियोच्या घरात आई आणि आईची सहचारिणी लेस्ली आहे. रंगांनी माखलेल्या कपड्यांतली लेस्ली शाळेत त्याला न्यायला येते आणि मुले हसतात. मातृदिनाच्या कार्डाचे काय करावे, हा त्याच्यापुढचा पेच. लेखकाने कोठेही उपदेश केलेला नाही. लाज आणि माया यांमध्ये सापडलेले मूल तेवढे दाखविले आहे. बेंजामिन आलीरे साएन्स यांच्या २०१२ च्या कादंबरीत एल पासो येथील आरिस्टॉटल आणि दान्ते या दोन मुलांची मैत्री हळूहळू प्रेमाकडे झुकते. पुरा बेलप्रे यांच्या नावाने १९९६ पासून दिला जाणारा पुरस्कार २०१३ मध्ये या कादंबरीला मिळाला, ही या इतिहासातील अर्थपूर्ण घटना होय.

व्याकरण शिकविण्यात हयात गेलेल्या मला सर्वांत मोलाचे वाटते ते माया क्रिस्तिना गोन्सालेस यांचे २०१४ चे 'मला झाड म्हणा' या अर्थाचे पुस्तक. त्यातले मूल मातीतून झाडासारखे उगवते. ते मुलगा की मुलगी, हे कोठेही सांगितलेले नाही. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये प्रथमपुरुषी क्रियापद लिंग दाखवीत नाही, म्हणून हे साधते. मराठीत उलट घडते. आपल्याकडे मूल, लेकरू, बाळ आणि झाडदेखील नपुंसकलिंगी. परंतु तेच लेकरू 'मी' म्हणून बोलू लागले, की 'खेळतो' की 'खेळते' याचा निवाडा त्याला पहिल्याच वाक्यात करावा लागतो. तरीही मराठी अगदीच निरुपाय नाही. 'मी वाढेन', 'मी गाणे म्हटले', 'मला उगवायचे आहे' या वाक्यांत लिंग उघड होत नाही. भाषेत वाट असते. ती शोधण्याची इच्छा हवी.

या वाङ्मयाला विरोधही आहे. २०२१ पासून टेक्सास, फ्लोरिडा आदी राज्यांत अशी पुस्तके शाळांतून काढण्याचे प्रयत्न वाढले. मेरीलँडमधील एका खटल्यात २७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, धर्मश्रद्धेच्या कारणास्तव अशा गोष्टींच्या पाठांतून आपली मुले वगळण्याची मागणी करणाऱ्या पालकांना अंतरिम दिलासा दिला. पालकांचा अधिकार मी क्षुल्लक मानीत नाही. आपले मूल काय वाचते, ही काळजी त्यांनी करायची नाही तर कोणी? परंतु वर्गात आंतोनियोही बसलेला असतो. एका मुलाला पुस्तकापासून दूर ठेवणे वेगळे आणि पुस्तकच कपाटातून नाहीसे करणे वेगळे. दुसऱ्या कृतीने आंतोनियोला सांगितले जाते की, तुझे घर सांगण्याजोगे नाही.

आपली भाषा सरकारी फलकावरून पुसली गेली, तर काय वाटते, हे सीमाभागातील माणसाला ठाऊक आहे. स्वतःचे नाव पुस्तकात न सापडणाऱ्या मुलाचे दुःख त्याच जातीचे असते. माझ्या समोर बसलेल्या शिक्षकांना एवढीच विनंती : वर्गात मुकाट बसणारे एखादे लेकरू दिसले, तर ते कोण आहे हे ठरविण्याची घाई करू नका. त्याला 'मी' म्हणू द्या आणि पुढचे क्रियापद त्याचे त्याला निवडू द्या.