दोन हैदराबाद, एक मीटरगेज

1900 च्या सुमारास हिंदुस्थानात दोन मीटरगेज रेल्वेमार्ग तयार झाले आणि योगायोग असा की दोन्ही हैदराबादकडे जाणारे होते. पहिला आपला. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत दक्खनच्या हैदराबादला पोचणारा, निजामाच्या राज्यातला हैदराबाद-गोदावरी व्हॅली मार्ग. दुसरा जोधपूर संस्थानचा. लुणीहून बाडमेर, मुनाबाव, खोखरापार ओलांडून सिंधमधल्या हैदराबादला जाणारा. जालन्याच्या माणसांना पुढे त्या दुसऱ्या गाडीची चाळीस वर्षे वाट पाहावी लागेल, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

ही वेळ आणली फाळणीने आणि 1948 च्या पोलीस ॲक्शनने. त्या सप्टेंबरनंतर मराठवाड्यात काय घडले, याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली आहे. उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. त्या भीतीत राज्यातल्या अनेक कुटुंबांनी हिजरत केली. कोणी मुंबईहून बोटीने गेले, कोणी मारवाडमार्गे खोखरापारच्या गाडीने. कराचीत हैदराबाद कॉलनी वसली, बहादूर यार जंग यांच्या नावाने बहादुराबाद उभे राहिले. एक भाऊ तिकडे, एक इकडे. खाला तिकडे, अम्मी इकडे.

त्याच रुळांवरून उलट दिशेने सिंधी हिंदू येत होते. ते कल्याणच्या छावणीत राहिले आणि त्या छावणीचेच पुढे उल्हासनगर झाले. म्हणजे ही गाडी कधी एका कौमची नव्हती. उजाडलेल्या दोन्ही बाजूंना तिने वाहून नेले.

दरवाजा हळूहळू बंद होत गेला. 1948 च्या जुलैत परमिट आले, 1952 मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा. 1965 च्या युद्धात हा मार्गच बंद पडला. त्या लढाईत बाडमेरकडचे रेल्वे कर्मचारी कामावर असताना मारले गेले. गडरा रोडला त्यांचे स्मारक आहे. सिमला करारानंतर 22 जुलै 1976 रोजी अमृतसर-लाहोर समझौता एक्स्प्रेस सुरू झाली, पण ती पंजाबातून जाणारी. 1994 मध्ये मुंबईतील पाकिस्तानी आणि कराचीतील भारतीय अशा दोन्ही वकिलाती बंद झाल्या आणि आपली वाट आणखी लांबली. जालन्याच्या म्हाताऱ्या फूफीला भावाच्या मयतीनंतर पुरशासाठी जायचे तर आधी व्हिसासाठी दिल्ली, मग अटारी, मग लाहोर आणि तेथून पुन्हा सुमारे बाराशे किलोमीटर दक्षिणेला कराची! मुंबई ते कराची हे सरळ अंतर नऊशे किलोमीटरही नाही.

म्हणून मुनाबाव-खोखरापार मार्ग पुन्हा उघडावा, ही मागणी जिवंत राहिली. कराचीतल्या मुहाजिरांनी आणि त्यांच्या पक्षांनी ती लावून धरली. पण केवळ त्यांनीच नव्हे. थरपारकरचे सोढा राजपूत आपल्या मुली राजस्थानात देतात आणि तेथून सुना आणतात. बाडमेर-जोधपूरच्या लोकांनाही ही गाडी हवी होती. 2006 च्या आरंभी जसवंतसिंह याच सीमेवरून यात्रेकरूंना घेऊन बलुचिस्तानातील हिंगलाजमातेच्या दर्शनाला गेले. ऑक्टोबर 2003 मध्ये वाजपेयी सरकारने पाकिस्तानपुढे जे प्रस्ताव ठेवले, त्यांत हा मार्गही होता. रूळ पुन्हा टाकले गेले, मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले आणि 18 फेब्रुवारी 2006 रोजी थर एक्स्प्रेसने सीमा ओलांडली. आठवड्यातून एकदा ती जोधपूरच्या भगत की कोठी स्थानकातून सुटू लागली.

मागितल्याशिवाय रेल्वे मिळत नाही, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी ब्रॉडगेजसाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा कुठे 1990 च्या दशकात मनमाडला गाडी बदलण्याचा जाच संपला. त्या मागणीत आपणही उघडपणे सामील होतो. मोर्चा असो वा निवेदन, कोणाला संकोच वाटला नाही. कराचीच्या गाडीबद्दल मात्र आपले बुजुर्ग घरातच, तेही दबक्या आवाजात बोलत. तिकडून आलेले पत्र वाचून ट्रंकेत ठेवले जाई. बहिणीला भेटायची इच्छा बोलून दाखवली तर आपल्या वतनपरस्तीवर शंका घेतली जाईल, हे भय त्यामागे होते. सोढा राजपुताने तीच गाडी मागितली तर तो नात्याचा ओलावा ठरतो. आपण मागितली तर तो संशय का व्हावा? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने अद्याप दिलेले नाही.

गाड्यांवर घावही झाले. 2007 च्या फेब्रुवारीत पानिपतजवळ समझौता एक्स्प्रेसमध्ये स्फोट होऊन 68 प्रवासी मारले गेले. त्यांतले बहुतेक पाकिस्तानी नागरिक होते, पण मृतांत भारतीयही होते. तरीही गाडी चालू राहिली. ऑगस्ट 2019 मध्ये मात्र काश्मीरच्या निर्णयानंतर समझौता आणि थर या दोन्ही गाड्या थांबल्या. पुढे एप्रिल 2025 मध्ये पहलगाम येथे निरपराध पर्यटकांची हत्या झाली आणि अटारीची सीमाही बंद झाली. खुनी माणसे तिकीट काढून, पासपोर्टवर शिक्का मारून घेऊन येत नाहीत. रांगेत उभी राहतात ती औषधांच्या पिशव्या आणि लग्नाचे कपडे घेतलेली सामान्य माणसे.

गाडी आज-उद्या सुरू होईल, अशी आशा दाखवण्यात अर्थ नाही. पण 1965 नंतरची चाळीस वर्षे मागणी करणारे थकले असते तर 2006 उजाडले नसते. सत्तरी ओलांडलेल्यांना एकदा तरी सख्ख्या भावंडांना भेटू द्यावे आणि मुंबई-कराचीच्या वकिलाती पुन्हा उघडाव्यात, इतके तरी आपण मोठ्या आवाजात, सोढा राजपूत आणि सिंधी बांधवांना सोबत घेऊन मागू शकतो. ब्रॉडगेज आपण याच रीतीने मिळवले. ज्यांना त्या फलाटावर उतरून गळाभेट घ्यायची आहे, त्यांच्या हाती मात्र आता दुसरी चाळीस वर्षे नाहीत.