काळी, पांढरी आणि घरकुल

जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगायची : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे राहायची जागा. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख आणि पडक्या भिंतींची माती मुरून ही जागा पांढरट झालेली. नवी भिंत घालायची तर हीच माती कालवायची. मोजणी झाली तेव्हा पांढरीभोवती हद्दीचे दगड बसले आणि कागदावर तिचं नाव गावठाण पडलं. माणसं वाढली, दगड मात्र बऱ्याच गावांत आहेत तिथंच राहिले. आमच्या करवीर-शिरोळ भागातल्या घराच्या प्रश्नाचं मूळ मला तरी या दगडांत दिसतं.

कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं, १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १९६२ ला जिल्हा परिषद. पण गरिबाला घर देणं हे सरकारचं काम, हे आमच्या गावाला कळलं ते १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात. त्यात भूमिहीनांना घरासाठी जागा द्यायचं एक कलम होतं. तेव्हा मी शाळेत होतो. गावाबाहेर माळावर चुन्याच्या फक्क्या मारून प्लॉट पाडले आणि एका रांगेत कौलारू खोल्या उठल्या. त्याला ‘बेघर वसाहत’ म्हणायचे. अजून म्हणतात. तिथं आता स्लॅबची दुमजली घरं झाली, पोरं नोकरीला लागली, तरी पत्ता सांगताना बेघरच! खोल्या बारक्या होत्या, पावसाळ्यात गळायच्या. पण एक गोष्ट तिथं सरळ होती : आधी जागा, मग घर.

१९८५-८६ ला इंदिरा आवास योजना आली आणि हा क्रम फिरला. आता घरासाठी पैसे मिळू लागले, जागा ज्याची त्यानं दाखवायची. पुढं रक्कम वाढत गेली. १९९६ ला सपाट भागात वीस हजार होती, २०१३ ला सत्तर हजार झाली. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामसभेला मान आला. यादीवर आमच्या चावडीत किती भांडणं झाली! भावकी तुटली, पण निदान तोंडावर बोलता तरी येत होतं. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. यादी २०११ च्या सर्वेक्षणातून आली. एक लाख वीस हजार रुपये, किमान २६९ चौरस फुटांचं घर, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी, संडासाचे बारा हजार वेगळे. हप्ता थेट बँकेत, बांधकामाचा फोटो मोबाईलवर. मधले खाणारे कमी झाले, हे खरंच चांगलं झालं. पण फ्रिज किंवा दुचाकी असेल तर नाव कट असाही नियम होता. शिरोली एमआयडीसीत रात्रपाळीला जाणारा पोरगा काय बैलगाडीनं जाणार? २०२४ ला ती अट काढली.

जागेचं मात्र तसंच. शेतातला एक गुंठा घ्यावा तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा. स्टँपपेपरवर लिहून घेतलेल्या गुंठ्याला सातबारा नाही, आणि कागद नाही तर घरकुल नाही. २०१५ च्या शेवटी सरकारनं पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं जागा खरेदीसाठी पन्नास हजारांपर्यंत मदत सुरू केली. पुढं ती लाखापर्यंत नेली. पण उसाच्या पट्ट्यात रस्त्याकडेची जमीन त्या पैशांत कोण देणार? २०२४ ला घरकुलासाठी एक हजार चौरस फुटांचा तुकडा घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं वाट काढली. उशिरा का होईना, ही कामाची गोष्ट.

राहिलं गायरान. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून निकाल दिला. गायरान वाचलं पाहिजे, यात दुमत नाही; जनावर आमच्याही दावणीला आहे. पण गायरानात बंगला बांधणारा धनदांडगा आणि पत्र्याचं खोपाट घालणारी विधवा एकाच नोटिशीत आली. २०२२ ला उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोटिसा निघाल्या, तेव्हा कोल्हापुरात मोर्चासाठी गावंच्या गावं उतरली.

त्यात नदीकाठ. २००५, २०१९, २०२१ : तीन महापुरांनी दाखवलं, की पंचगंगा-कृष्णेकाठची पांढरी पाण्यात जाते. वर सरका म्हणतात. वर म्हणजे माळावर, आणि माळ म्हणजे गायरान.

आमच्या वाड्याजवळ एक आक्का आहे. दोन वेळा तिचं नाव यादीत आलं. दुसऱ्या वेळी ती ग्रामसेवकाला म्हणाली, “भाऊसाहेब, घर दिलंसा, पर बांधू कुठं?” भाऊसाहेब भला माणूस. तो म्हणाला, “आक्का, जागा दाखवा, उद्याच्या उद्या पहिला हप्ता घालतो.” जागा दाखवता आली नाही. घर यादीतल्या पुढच्या नावावर गेलं.

म्हणजे पंचायतीनं घर द्यायचं, पण जागेची किल्ली वरच्या कचेरीत. गावठाण वाढवायचं तर ठराव करायचा, तो तहसील, प्रांत असा चढत जिल्ह्याला जातो. आमच्या ग्रामसभेनं माळावरच्या जागेचा ठराव तीनदा केला. तिसऱ्या वेळी हात वर करायला आक्का पुढच्या रांगेत बसली होती. मोजणीची फी पंचायतीनं भरली आहे. मोजणीदार अजून यायचा आहे.