रुखवताचे मोती का गळतात?

रुखवतासाठी हौसेने सजवलेला नारळ मांडवात पोहोचेपर्यंत त्यावरचे निम्मे मोती खोक्याच्या तळाशी जमा झालेले असतात. दिवाळीच्या पणत्यांवरील आरशांचीही हीच गत. दोष बहुधा डिंकाला दिला जातो आणि पुढच्या खेपेस अधिक जहाल डिंक आणला जातो.

वास्तविक गळलेला खडाच दोष कुठे आहे ते सांगत असतो. खड्याच्या पाठीवर रंगाचा पापुद्रा दिसला, तर डिंक निर्दोष. रंगानेच खालचा पृष्ठभाग सोडलेला असतो. नारळाची करवंटी पॉलिश पेपरने न घासता, धूळ न पुसता रंगवली की असे होते. तैलरंग हाताला कोरडा लागला तरी आत ओला असू शकतो. त्यावर घाईने खडे बसवू नयेत. डिंकाची चकती मात्र खड्यालाच चिकटून स्वच्छ निघाली, तर जागा तेलकट होती किंवा डिंकाची निवड चुकली, असे समजावे.

सुतारकामातला पांढरा फेविकॉल पाण्यातला असतो. ते पाणी हवेत उडाले किंवा वस्तूने शोषले म्हणजे तो घट्ट होतो. म्हणून जोडायच्या दोन पृष्ठभागांपैकी निदान एक सच्छिद्र हवा. पुठ्ठा, लाकूड, सुती कापड व भाजलेली माती यांवर तो उत्तम धरतो. प्लॅस्टिकच्या तबकावर काचेचा आरसा बसवताना मात्र पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. तो मधल्या मध्ये ओलाच राहतो आणि सुकला तरी सालीसारखा सुटतो. येथे दोन नळ्यांतून येणारा एपॉक्सी उपयोगी पडतो. दोन्ही भाग वेष्टनावरील प्रमाणात घोटून लावावेत आणि वस्तू दिवसभर आडवी ठेवावी. उभी केल्यास खडे घसरतात.

क्षणात चिकटणारे द्रव्य, म्हणजे सायनोॲक्रिलेट, हवेतील दमटपणाने घट्ट होते. ते ठिसूळ असते, खाचा भरून काढत नाही आणि त्याच्या वाफेने चकचकीत खड्याभोवती पांढुरकी झाक धरते. सुती कापडावर किंवा कापसावर ते सांडल्यास इतके तापते की त्वचा भाजू शकते. लहान मुलांच्या हाती ते देऊ नयेच. बोटे चिकटली तर ओढू नयेत, साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून हलकेच सोडवावीत. रबराच्या उग्र वासाच्या डिंकातील द्रावक थर्माकोल विरघळवतो. अर्थात २०१८च्या बंदीनंतर महाराष्ट्रातील सजावटीत थर्माकोलला जागाच उरलेली नाही.

कापडावर, विशेषतः वरचेवर धुतल्या जाणाऱ्या, डिंकापेक्षा सुई बरी. कच्छी भरतकामात आरसा कडेने टाक्यांच्या चौकटीत अडकवतात. तिथल्याच लिप्पनकामात तो भिंतीवरील ओल्या मातीत दाबून बसवला जातो. दोन्हीकडे भार चिकटपणावर नाही, पकडीवर असतो. जड खड्याभोवती जाड रंगाची किंवा डिंकाची बारीक कड काढली तर घरच्या कामातही हे थोडेफार साधते.

सर्वाधिक जपायचे ते पणतीला. सच्छिद्र माती तेल पिते, ते बाहेर झिरपते आणि रंग, डिंक, खडे सगळेच सैल होते. पणती रात्रभर पाण्यात भिजवून पूर्ण वाळवल्यास तेल कमी शोषले जाते. ग्लू गनचा गोंद येथे वापरू नये. तो उष्णतेने वितळवून लावलेला असतो आणि उष्णतेनेच पुन्हा मऊ पडतो. प्लॅस्टिकचे खडे, लेस आणि चमकी वातीच्या टोकापासून दूर, पणतीच्या बाहेरच्या खालच्या अंगालाच असावीत. ज्या पणतीची कडाच सजवलेली आहे, ती ताटात शोभेपुरती मांडावी आणि दिवा साध्या पणतीत लावावा.