कॉलेजची बचत : पिग्मी, आरडी की भिशी?

बेळगाव शहरात खानापूर, निपाणी, चंदगड भागातून अनेक मुले-मुली शिकायला येतात. कोणी रोज बसने ये-जा करतात, कोणी खोली घेऊन राहतात. घरून मिळणारे पैसे ठरलेले असतात. परीक्षा फी, प्रोजेक्ट, पुस्तके यांचा खर्च मात्र एकदम अंगावर येतो. मग घरचे कुणाकडून तरी व्याजाने पैसे काढतात. शेकडा 3 रुपये महिना हे व्याज ऐकायला कमी वाटते, पण वर्षाचा हिशेब केला तर ते 36 टक्के होते. 5,000 रुपये सहा महिने वापरले तर व्याजच 900 रुपये. उलट रोज 20 रुपये बाजूला टाकले तर आठ महिन्यांत 4,800 रुपये जमतात. हे पैसे ठेवायचे कुठे, याचे तीन पर्याय आपल्या भागात रुळलेले आहेत.

पिग्मी : एजंट रोज किंवा आठवड्याने येऊन पैसे घेऊन जातो. ही पद्धत 1928 मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने रोज दोन आणे गोळा करून सुरू केली. आज अनेक सहकारी बँका आणि सोसायट्या ती चालवतात. रोज थोडे टाकायची सवय लागते, हा मोठा फायदा. मात्र मुदतीआधी पैसे काढले तर बऱ्याच ठिकाणी कमिशन कापतात, व्याजही मिळत नाही. ही अट खाते उघडतानाच विचारून घ्यावी. पावती किंवा मेसेज आल्याशिवाय एजंटच्या हाती पैसे देऊ नयेत.

आरडी : यात दरमहा ठरलेली रक्कम खात्यातून आपोआप वळती करता येते. पोस्टात किमान 100 रुपयांपासून आरडी उघडते, पण मुदत 5 वर्षांची आहे. तीन वर्षांची डिग्री करणाऱ्याला बँकेची 6 किंवा 12 महिन्यांची आरडी सोयीची पडते. परीक्षा फी भरायच्या महिन्यात मुदत संपेल, असा हिशेब करून सुरुवात करावी.

भिशी : दहा मित्रांनी दरमहा 500 रुपये काढले की एकाच्या हाती 5,000 येतात. व्याज नाही, कागद नाही, सगळा कारभार विश्वासावर. पहिल्या दोन-तीन महिन्यांत भिशी लागलेल्याने पुढचे हप्ते थांबवले तर शेवटच्यांचे पैसे बुडतात. म्हणून ओळखीतल्यांचीच, छोट्या रकमेची भिशी ठीक. फीचे पैसे त्यात अडकवू नयेत.

पैसे कितपत सुरक्षित? बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतील मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत विमा संरक्षण असते. 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा आहे. अर्बन को-ऑप. बँकाही यात येतात. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांतील ठेवींना मात्र हा विमा नाही. सोसायटी एक-दोन टक्के व्याज जास्त देते म्हणून सगळी रक्कम तिथे ठेवणे धोक्याचे.

खात्याबाबत : किमान शिल्लक ठेवायची नसेल तर बँकेत 'बेसिक सेव्हिंग' खाते मागावे. त्यात एटीएम कार्डही मिळते. दोन वर्षे काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. मग स्कॉलरशिप आली की धावपळ उडते.

'तुझे खाते वापरायला दे, महिन्याला दोन-तीन हजार देतो' असे कोणी म्हटले तर स्पष्ट नकार द्यावा. अशा खात्यांतून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. पोलीस आधी खातेदारापर्यंत पोचतात, खातेही गोठवले जाते. पैसे ऑनलाइन गेलेच तर लगेच 1930 वर फोन करावा.

थोडक्यात, घरून पैसे आले की त्याच दिवशी बचतीचा वाटा काढावा आणि उरलेल्यात महिना भागवावा. महिनाअखेर उरेल ते साठवू म्हणणाऱ्याकडे बहुधा काही उरत नाही.