कलकत्ता आणि मुंबई : एका जुन्या चुरशीचा हिशेब

कलकत्ता मोठे की मुंबई मोठी, हा वाद आपल्या मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या रंगत आला आहे. पोटापाण्यासाठी आपण ह्या शहरी आलो. साहजिकच मुंबईचा अभिमान आणि कलकत्त्याचे ऋण ह्यांच्यामध्ये आपले मन दोलायमान राहते. परंतु ह्या चुरशीचा इतिहास पाहिला, तर यशापयशाचे माप कोणा एका प्रांताच्या स्वभावाच्या पदरी घालता येत नाही.

प्रारंभ बरोबरीचा होता. १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी मुंबईत कापडगिरणीची उभारणी आरंभिली; १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे तागाची गिरणी सुरू झाली. मुंबईत देशी भांडवल पुढे आले, कलकत्त्यात ब्रिटिश भांडवलाचा वरचष्मा राहिला. १९०५ च्या वंगभंगानंतर बंगालने विलायती कापड टाकले, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांची भरभराट झाली. त्यांनी भाव चढविल्याची तक्रारही बंगालात उठली. स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनी श्रीरामपूरला स्वतःची ‘बंगलक्ष्मी’ गिरणी चालविली. ह्याच काळात सखाराम गणेश देऊस्कर ह्या मराठी घराण्यातील लेखकाने बंगालीत ‘देशेर कथा’ (१९०४) लिहून परकीय राजवटीने चालविलेली देशाची आर्थिक लूट मांडली. १९१० मध्ये सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. खरा प्रतिस्पर्धी शेजारचा प्रांत नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

पुढचे आघात बाहेरून आले. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली. १९४७ च्या फाळणीत तागाच्या गिरण्या हुगळीकाठी राहिल्या, तर ताग पिकविणारी बरीचशी उत्तम जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. १९५६ पासून वाहतूकखर्चाच्या समानीकरणामुळे पोलाद देशभर एकाच भावाने मिळू लागले. खाणींच्या आणि पोलादकारखान्यांच्या सान्निध्याचा पूर्व भारताचा लाभ त्यामुळे हिरावला गेला. मुंबईच्या कापसाला मात्र असे समानीकरण लागू नव्हते. हे धोरण १९९० च्या दशकाच्या आरंभी मागे घेण्यात आले, तोवर बरेच नुकसान होऊन गेले होते. बंगालातील १९६७ च्या सुमाराचे घेराव सर्वांच्या स्मरणात आहेत. पण १९८२ च्या संपानंतर मुंबईचे गिरणगावही ओस पडत गेलेच.

अलीकडची दोन उदाहरणे पाहावीत. टाटांच्या छोट्या मोटारीचा कारखाना सिंगूरला उभा राहत होता. भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनानंतर २००८ मध्ये तो गुजरातेत साणंदला गेला. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादन रद्द ठरविले आणि २०१८ मध्ये त्या मोटारीचे उत्पादनच थांबले. २०२२ मध्ये महाराष्ट्राला अपेक्षित असलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातेत गेला, तेव्हा बंगालची जुनी सल महाराष्ट्राला कळली. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. गमावलेल्या राज्याने आक्रोश केला, मिळविलेल्याने गुढ्या उभारल्या. आणि ज्याच्यासाठी हे सारे झाले, ते दोघांच्याही हाती धडपणे उरले नाही.

राज्याराज्यांतील चढाओढ वाईट नव्हे; तिने रस्ते, बंदरे आणि शाळा सुधारत असतील तर ती इष्टच आहे. मात्र जमीन देणारा शेतकरी आणि काम मागणारा तरुण ह्यांचा हिशेब तिच्यात पहिला मांडला गेला पाहिजे. आपल्यापैकी अनेकांची मुले आज नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला जातात. जी वाट धरून आपले पूर्वज येथे आले, तीच आता उलट दिशेने वाहत आहे. अशा वेळी एका शहराच्या उतरणीत दुसऱ्याचा मोठेपणा शोधणे आपल्याला शोभणार नाही. आपण दोन्ही घरचे आहोत. दोन्ही घरांत चूल पेटलेली राहावी, हीच सुवर्णमहोत्सवी वर्षात आपली प्रार्थना असावी.